रायेगाव

एसटीच्या पाटीवर लिवलं असते राळेगाव.
कंडक्टर वरडते, रायेगाव, रायेगाव!
अन् सारे तिथंच उतरतात.
पाटीसाठी कोनी भांडत नाही.

नववीत असतानी तक्षकच्या मेमरी कार्डात
भेटले मले ब्रॉन्क्सचे पोट्टे.
चार जीबीचं कार्ड,
अर्धं त्याच्या बहिनीच्या लग्नानं भरलेलं,
उरल्यात हे.
एक शब्द समजे नाही.
पन एवढं समजे का हे लोक
मधात कोनाले बोलू देऊन नाही रायले.
मे महिना, शेहेचाळीस डिग्री,
म्या लोकरीची टोपी घालून शायेत गेलो.
मास्तर म्हने, बावा, सर्दी झाली काय?

मंग लागलो जिनिंगात. रातपायी.
छत्तीस रेचे एका लाइनीत,
खट् खटाक् खट्, खट् खटाक् खट्,
सरकी खाली, रुई समोर.
हाक मारली तर ऐकू जात नाही,
बाया हातवाऱ्यानं भांडतात,
अन् तोंडाले दुपट्टा बांधून मी
आतल्या आत यमक जुयवतो.
बारा तासाची बीट, फुकट.

तिथंच सुचल्या माह्या पयल्या चार ओयी:

    शायेतला फया काया,
    वावराचा रंग काया,
    माय म्हने उन्हात नको फिरू, होशीन काया,
    माय वं, हेच तर माही काया.

सुगत त्याच्यावर नाचे.
कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा खयावर पसरवून,
उघड्या पायानं, मंग डोकशावर,
जसा चक्कीचा पाट फिरते तसा.
शेवटच्या ‘काया’वर थांबे.
एक हात जमिनीवर, बाकी सारा आभायात.

नागपूरले नंदनवनात स्टुडिओ होता.
भिंतीले अंड्याचे ट्रे.
शार्दूलभाऊ मानूस वाईट नव्हता,
तर्री-पोहे चारले त्यानं, पैसे बी कमीच घेतले.
म्हने, “फ्लो कडक आहे तुझा.
फक्त तो ळ नीट म्हण.
आणि थोडी गल्ली टाक, थोडे पोलीस टाक,
लोकांना ते लागतं.”

आमच्याइकडं गल्ली नाही, भाऊ, पांदन हाय.
पोलीस येत नाही तिथं,
गाडी फसते त्याह्यची.

पन ळ म्हनला म्या.
अकरा बारी जीभ मांगं वयवली, टायूले लावली.
फळा काळा. रंग काळा.
खोटं नाही सांगत, यमक जुयलं.
फक्त शेवटच्या ओयीत
‘काया’ एकटीच उभी रायली दाराबाहेर,
लग्नात जेवाले न बोलावलेल्या मानसावानी.
शार्दूलभाऊ म्हने, “ती लाइन काढून टाक मग.”

म्या काढली.

खयावर येऊन सुगतले ऐकवलं.
फिरला तो, चांगला फिरला,
अन् शेवटच्या ठोक्यावर
पाय हवेतच रायला त्याचा.
“अबे, इथं काईतरी होतं ना?”
“होतं.”
“कुठं गेलं?”

आता हे बी सांगतो, लपवत नाही:
बँकेच्या साहेबासंग बोलतानी
मी ळ म्हनतो.
सासऱ्यासमोर म्हनतो, तो तलाठी होता.
त्याले मी खोटं नाही म्हनत.
त्या चपला हायेत, बाहेर जाताना घालाच्या.
पन सुगतच्या पुठ्ठ्यावर
चपला घालून कोनी चढत नाही.

यंदाच्या सीझनात
गोदामात रुईच्या गठानी छतापर्यंत लागल्या.
दोन गठानींच्या फटीत आंग घुसवून
मोबाईल छातीजवय धरला.
रुई आवाज पिऊन घेते,
अंड्याच्या ट्रेपेक्षा साफ.
दुरून रेच्यायची खट् खटाक् खट्, तेवढीच.
चारही ओयी म्हनलो, हायेत तशा.

शेवटच्या ‘काया’च्या जरासं आधी
परलीकडं हमाल खोकलला,
बहुतेक गोमाजीकाका, त्याच्या छातीत रुई हाय.

ठेवला तो खोकला.
सुगत म्हनते, आता त्याच्यावर बी एक स्टेप बसते.