तेवीस टक्के

बर्फात नाही खुपसायची, सांगतो मी नव्या पोराला,
बर्फ तिची जीभ बांधतो.
दहा अंश. त्याखाली ती मुकी,
वर गेली की नुसती दारू.

मनामा, अकरावा मजला.
काचेपलीकडे ऑगस्टची रात्र
ओल्या फडक्यासारखी समुद्रावर टाकलेली
आणि आत मी, शालिकराम मेश्राम, मु. पो. साकोली,
गिऱ्हाइकाच्या डाव्या खांद्याशी वाकून:
तांदूळ घासत नेतात, साहेब, दिवसरात्र,
शंभरातले सत्त्याहत्तर झडेपर्यंत.
उरतो दाण्याच्या पोटातला पांढरा ठिपका.
ही 'शिरानामी' त्याची.

नाकाला आधी खरबूज, अर्धकच्चं.
मागून नुकतीच पुसलेली दगडी पाटी.
जिभेवर गोडी येते पण बसत नाही,
चपला न काढता उंबऱ्यावरूनच
परतणाऱ्या पाहुण्यासारखी.
सोबत हामूरचे कच्चे काप, मिठाचे चार खडे,
फार तर वाफवलेला शिंपला.
तिखट नको. लिंबू पिळलंत
तर पाण्याचे पैसे मोजलेत समजा.

हे सगळं निशिकावाबाईंनी शिकवलं.
तीन महिने घोट घ्यायचा, घोळवायचा, थुंकायचा.
थुंकण्याचा पगार मिळतो
हे मी गावात अजून बोललो नाही.

एकदा विचारलं त्यांना,
बाई, त्या सत्त्याहत्तराचं काय करतात?
हसल्या. वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं म्हणे.
पिठाचे पापड. गुरांना.

आई राईस मिलवर झाडायला होती.
आठवड्याच्या मजुरीवर पायलीभर चुरी वरून.
चाळणीखालचं ते सगळं आमचं:
आम्ही सत्त्याहत्तर जेवून मोठे झालो.

आज नऊ नंबरच्या टेबलावर
युसुफ अल-मन्नाई. स्वतः पीत नाहीत,
जपानी पाहुण्यांसाठी मागवली होती.
रिकामा पेला नाकाशी नेला, म्हणाले,
आजोबा मोत्यांसाठी बुड्या मारायचे.
घरात मात्र शिंपल्यांचाच वास.
मग माझ्याकडे वळून,
तू काय खाशील रे याच्याबरोबर?

हामूर, मी म्हणालो.
कार्डावर तेच आहे.

एक वाजता बाटलीत उरलेलं मोजलं,
लेबलावर पेन्सिलीची रेघ ओढली, कुलूप लावलं.
मारितेसने कुकरच्या तळाची खरवड
माझ्यासाठी काढून ठेवली होती, कडक, करपट.
कपाटातून पुडी काढली, साकोलीचे सुके झिंगे,
तव्यावर परतले तशी ती नाक धरून पळाली.
लाखोरीची डाळ असती तर.
नव्हती.

सोबत पाणी,
ऑगस्टचं, कोमट.