पीस

हिवऱ्याच्या शाळेत, चौथीच्या वर्गावर
इंग्रजी शिकवायला नोरीन आली ती बेलफास्टहून,
एका सत्रापुरती.
पंख्याखाली बसूनही लालबुंद,
आणि हजेरी घेताना
ज्ञानेश्वरी झर्मेकर या नावाशी
रोज नव्याने हरणारी.

वीस सप्टेंबरला, घंटेच्या जरा आधी, ती म्हणाली:
उद्या पीस डे.
प्रत्येकाने काहीतरी आणायचं, पीससाठी.

मी मराठीची. अर्थ सांगायला
दाराशी मलाच उभं केलेलं.
शांती म्हणावं, तर पोरांना आठवणार
दुपारची भाजी वाढणारी शांती परवार, तिचा डाव,
किंवा नवं घर बांधल्यावर भटजी करतात ती.
शांतता म्हणावं, तर सगळी
तोंडावर बोट ठेवून बसतील.
तो शब्द मीच शिकवलाय, पट्टीने.
मी शब्द निवडत राहिले
आणि पोरं दप्तरं उचलून घरी गेली.

सकाळी वर्गात पिसंच पिसं.

कोंबडीची तर ढिगाने.
बगळ्याचं एक, वायंगणीच्या वाळल्या चिखलासकट.
मोराचं, देव्हाऱ्यातून न विचारता काढलेलं.
खंड्याचं एवढंसं निळं, काडेपेटीत,
पेटी उघडायला मालक तयार नाही.
रेहानाने सांवरीचा कापूस आणला,
पीस मिळालं नाही म्हणून,
आणि हाही उडतोच की, टीचर.

कबुतरं कापायला आणलेले नोरीनचे
पांढरेशुभ्र कागद टेबलावर तसेच.
हे काय, तिने मला विचारलं.
म्हटलं, आमच्याकडे पीस म्हणजे हेच.
ती मटकन खुर्चीत बसली
आणि इतकी हसली
की हेडमास्तर डोकावून गेले.

मग हसू पुसत म्हणाली,
आमच्या गल्लीच्या टोकाला भिंत आहे.
तिचं फाटक अजून रात्री बंद होतं.
लहानपणी भिंतीवरून एखादं पीस उडत आलं
तर आई ओरडायची:
हात लावू नकोस, त्यांचं असेल.

हे मात्र मी
अक्षरही इकडचं तिकडे न करता पोरांना सांगितलं.

सगुण गावसने तेव्हा मूठ उघडली.
तांबडं, लांब, शेपटीचं.
दुसऱ्या टोकाच्या बाकावरून
प्रजोत गावस उभा राहिला.
आडनाव एक, कुळागर एक, मधून पाट,
आणि पाटाच्या पाण्यावरून वाळपईच्या कोर्टात
पोरांच्या जन्माआधीपासूनच्या तारखा.

'आमच्या कोंब्याचें तें.'

मे महिन्यात नाहीसा झालेला कोंबडा.
त्यांनीच कापून खाल्ला, असं
प्रजोतच्या घरात पानावर बसताना बोललं जाई.

'कोल्यान व्हेलो,' सगुण म्हणाला.
'हें इतलेंच उरिल्लें. हांवें कोणाक सांगूंक ना.'

वर्ग गप्प झाला.
पट्टी कपाटात होती.

प्रजोतने पीस घेतलं, नाकाशी नेलं,
विस्कटलेली कड नखाने नीट बसवली.
कंपासपेटीत तिरकं घातलं तरी
झाकण लागेना. तसंच उघडं ठेवून
तो गणिताच्या तासाला बसला.

एवढंच.
दुसऱ्या दिवशी दोघं आपापल्या टोकाला.
कोर्टाची तारीख डिसेंबरात गेली,
नोरीनही त्याच सुमारास.

पण त्या दिवशी शाळा सुटल्यावर
वर्ग झाडायला शांती आली.
झाडू लागला की पिसं वर उठत,
बाकांवर, फळ्यावर, तिच्या अंबाड्यावर उतरत,
सुपलीत एकही टिकेना.
मी दाराशी उभी होते, पुन्हा, काही न सांगता.
'बसा गे मरे,' ती त्यांना म्हणाली,
आणि झाडू टेकवून
जरा वेळ स्वतःच बसली.