ओला रंग

रात्रीचे पावणेतीन. वॉर्डभर निळं.
पाच नंबरच्या पेटीत येमुलांचं बाळ,
डोळ्यांवर पट्टी, कमरेला लंगोट,
गच्चीवर वाळत घालून विसरल्यासारखं.
सदतिसावा आठवडा. आई ओ, बाळ बी.
परवा अठरा होतं,
आत्ता बारा पूर्णांक चार.

आलेखावरच्या रेघेच्या पुरेसं खाली.
दिवा काढायला हरकत नाही, असं पुस्तक म्हणतं.
पुस्तकाला रात्रपाळी नसते.
गेल्या दिवाळीत मी एकाला असंच सोडलं,
तिसऱ्या दिवशी परत आलं तेव्हा बावीस.
वाचलं. पण मला तो आकडा पाठ आहे.

दाराशी आजोबा, नरसय्या येमूल,
अक्कलकोट रोडच्या डायहाऊसात एकतीस वर्षं.
नखं अजून पिवळी,
म्हणून हात पाठीमागे धरून उभे,
जणू बाळाला त्यांचंच लागलं.
'उतरलाय की ओ बाई. छाती बघा, कशी निवळली.'

मी म्हटलं, दिव्याखालच्या कातडीवर भरवसा ठेवायचा नसतो.
उजेड पडतो तिथलं पिवळं आधी जातं,
रक्तातलं मागे राहतं.
आणि या निळ्यात तर आपण सगळेच मेल्यासारखे दिसतो.
हे शेवटचं बोलायला नको होतं.

ते जरा वेळ गप्प. मग,
'ओला रंग खरा नसतोय.
हौदातली लड तशीच मालकाला दाखवायची नाही.
पिळायची, वाळवायची, मग दारात उजेडाला न्यायची.'

'पण काढायची कधी, ते कसं कळतं?'
मी विचारलं. खरंच विचारलं.

'ठेवत गेलं म्हणून चांगली होत नाही ओ, सूत मरतंय.
काढायची.
आणि तिथनं हलायचं नाही.'

भिंतीपलीकडे भाग्यलक्ष्मी,
टाके सांभाळत एका कुशीवर बसलेली, ब्लाउज दुधानं ओला.
शमशाद सिस्टर माझ्याकडे बघते, घड्याळाकडे नाही.

तीन दहा. दिवा बंद.
निळं गेलं, आणि ट्यूबलाइटखाली बाळ
बाळाच्या रंगाचं झालं.
कुठल्या, ते मला सांगता येईना.
पट्टी काढली. आईच्या अंगावर दिलं,
त्यानं आधी तोंड वळवलं, डोळे नंतर.

केसपेपरवर: दिवा बंद ३.१०.
नऊला पुन्हा रक्त. घरी सोडू नये.
'नये'खाली दोन रेघा.

सहालाच ऊन चटकायला लागलं.
येमूल बाकावर. कुणी दिलेला चहा
बशीत ओतून तसाच.

नऊ. टाचेला सुई. वॉर्ड डोक्यावर घेतला पोरानं.
बारा पूर्णांक नऊ.
अर्ध्यानं वर, रेघेच्या खालीच.

त्यांना सांगितलं. त्यांनी हात पुढे आणले,
नखांकडे बघितलं, मग खिडकीकडे.
'अजून दमट आहे,' म्हणाले,
आणि चप्पल काढून पुन्हा बाकावर बसले.