चुरी

काटोलकडच्या बागांत जे संत्रं मुठीत मावतं
त्याला आमच्याकडे चुरी म्हणतात.
कळमन्याच्या बाजारात तिला कुणी विचारत नाही,
ढिगाच्या कडेला ती गायीची वाट बघते.

रुपराव धोटेंनी त्या वर्षी ती टेम्पोत भरली
आणि गांधीबागेत आमच्या सोड्याच्या कारखान्यासमोर उतरवली.
"गुणवंतभाऊ, शिश्या तुमच्याजवळ आहेत,
संत्री माह्याजवळ. बोला."
बाबा गोळीवर अंगठा दाबून उभे होते.
अंगठा उचलला. फस्स झालं.
यापेक्षा जास्त करारमदार झाला नाही.

पहिली वाइन कडू निघाली.
कारल्यासारखी नव्हे, काडेचिराइतासारखी.
बाबांनी सोडेवाल्याच्या घाईनं अख्खं फळ पिळलं होतं,
बिया, सालीखालचं पांढरं, सगळ्यासकट.
दोनशे लिटर नालीत ओतली
तेव्हा रुपराव म्हणाले,
"नाग नदीले चढली असंन बाप्पा."

मग दोन्ही घरच्या बाया गोल करून बसल्या.
फोड फोड सोलायची, बिया पदरात.
मार्चभर माझी नखं पिवळी.
वर्गात बाईंनी विचारलं, हळद कुणाची गं?

मेमध्ये पारा सत्तेचाळीसवर.
घरातल्या कूलरच्या ताट्या काढून टाक्यांना बांधल्या,
रात्री तासातासाला कुणीतरी उठून पाणी मारायचं.
टाकी गारव्यात, माणसं गच्चीवर उकडत.
तरी एका दुपारी अठ्ठावीस बाटल्या फुटल्या,
गल्लीला वाटलं, वरात आली.

परवान्याच्या कचेरीत विचारायचे, द्राक्षं कुठं आहेत?
अर्जात तेवढाच रकाना.
तिसऱ्या खेपेला रुपरावांनी तिथं
सुवाच्य अक्षरात लिहिलं, नाहीत.
अर्ज पुढं सरकला.

पंचफुलाकाकू, म्हणजे रुपरावांच्या घरच्या,
यांनी जन्मात एक थेंब घेतला नाही.
पण झाकण उघडलं की त्यांचं नाक पुढं
आणि आम्ही सगळे मागं.
बाबा वहीत पेन्सिलीनं साखर आणि तापमान लिहायचे,
शेजारी काकू:
"आज ओल्या पोत्याचा वास."
"सोनचाफा, पण दुरून."
"आज घाई करू नका."
आकडे आणि नाक यांचं क्वचितच जमायचं.
बाटल्या कधी भरायच्या, ते नाक सांगायचं.

लोक म्हणत, आता सोयरिक करूनच टाका.
त्यांचा प्रफुल्ल पुण्याला निघून गेला.
मी चंद्रपूरला दिलेली, दोन वर्षांनी परत आलेली.

एका आंबिया बहारात बाबा आणि रुपराव बोलेनासे झाले.
लेबलवर धोटे-हेडाऊ की हेडाऊ-धोटे,
वरवर एवढंच. खाली अर्थातच पैसा.
बाबा सकाळी शेडमध्ये जायचे, काकू संध्याकाळी,
मध्ये फक्त वही.
"१२.४. चोवीस अंश."
"तुमच्या पेन्सिलीले टोक नाही."
"१०.१. पंचवीस. टोक केलं."
"खोकला कमी आहे का?"
"७.८. थोडा."
पुढच्या लेबलवर कुणाचंच नाव नव्हतं.
नुसतं, चुरी.

आता अकरा टाक्या आहेत,
तापमान पडद्यावर आपोआप उमटतं.
वही तरी ठेवलीच आहे.

बाबा गेले त्या आठवड्यात चार नंबरची टाकी फसफसत होती.
त्या पानावर आकड्यांची जागा कोरी,
शेजारी काकूंचं अक्षर:
"आज मले वास येऊन नाही राह्यला."

दुसऱ्या दिवसापासूनचे आकडे माझे.
पहिलाच चुकलेला.
काकूंनी तो खोडला नाही,
बाजूला लिहिलं, "पाहू."