पत्ती

सनई माझ्या नावावर झाली
दहाव्या वर्षी, नारळ फोडून.
सुगंधाच्या वाट्याला आलं
पितळी वाटीत पत्ती भिजत घालायचं काम.

कोरडी पत्ती फुटते, अप्पा म्हणायचे,
फार भिजली तर मुकी होते.
किती वेळ, ते त्यांना घड्याळात सांगता यायचं नाही.
तिला कळायचं.

आम्हा गुरवांत मुली सनईला तोंड लावत नाहीत.
देवाचं वाद्य उष्टं होतं, म्हणे आत्या.
म्हणजे माझी थुंकी सोवळ्यातली,
आणि तंबाखू चघळणाऱ्या काकांचीसुद्धा.

मला दम पुरायचा नाही.
कानशिलं तापायची, सूर शिवडीच्या फाटकासारखा
मध्येच खाली यायचा.
अप्पा डोळे मिटून घ्यायचे. तेवढंच.

रात्री मोरीच्या कट्ट्यावर ती
पेल्यातल्या पाण्यात नळी घालून फुंकत बसे.
बुडबुडा तुटू द्यायचा नाही,
गालात वारा साठवायचा, नाकानं चोरून नवा घ्यायचा.
आईला वाटे, दम्यावरचा उपाय असेल कसलातरी.
मी मोजायचो. चारशेच्या आसपास मला झोप लागायची,
पेला बोलतच असायचा.

रविवारी तिला सायकलवर डबलसीट घेऊन दारूखान्याकडे.
पिशवीत सनई, वर मेथीची जुडी.
ओहोटीनं उघडा पडलेला चिखल,
अर्धं मोडलेलं जहाज, पत्रे कापणाऱ्यांच्या ठिणग्या;
तिथे सनईला विचारतंय कोण!

अप्पांची तोडी नाही वाजवली तिनं.
लांबून कुठल्यातरी टँकरचा भोंगा आला,
तोच षड्ज धरून बसली,
आणि त्यावर हळूच गंधार ठेवला,
तापत्या दुधावर झाकण ठेवावं तसा, तिरका.

कटर हातात तसाच पेटता ठेवून एकानं विचारलं,
लग्न कुणाचं?

कार्तिकात अप्पांचे पुढचे दात काढले.
तुळशीच्या लग्नानंतरची पहिलीच सुपारी,
परळचा हॉल, सकाळी नऊ बेचाळीसचा मुहूर्त.
बोळक्या तोंडानं अप्पांनी विचारलं,
पत्ती भिजली?
वाटीत नुसतं पाणी होतं.
सुगंधाचे ओठ मिटलेले,
उत्तर द्यायला तिला तोंड उघडता येईना.

अप्पा बराच वेळ वाटीकडे बघत राहिले.
मग ती उचलून
पाणी खिडकीतल्या गवती चहाला ओतलं
आणि चपला शोधू लागले.

मी सूरपेटी घेतली.
तिच्यात वारा हातानं भरायचा असतो.
तेवढं मला येतं.