पुरुषाचा रंग

सूर्य नोव्हेंबरात गेला, तो अजून आलेला नाही.
वार्डोच्या बंदरावर माझं रंगांचं दुकान.
ओड्वार आला, टोपीवरचा बर्फ दारातच झटकून
म्हणाला, भिंतींना रंग हवाय.
कुठला?
बराच वेळ तो ब्रशांकडे बघत राहिला.
मग म्हणाला, पुरुषाचा.

मी कॅटलॉग उघडला.
तंबाखू. कोळसा. जुनं खोगीर.
व्हिस्कीच्या तीन छटा, एकीपेक्षा एक चढेल.
शिकारी हिरवा : त्याच्या पानावर
एक कातडी खुर्ची, भिंतीवर शिंगांचं मुंडकं,
आणि माणूस कुठंच नाही.
ओड्वारनं पान उलटलं, परत उलटलं.
‘माझा बाप दारू प्यायचा नाही,’ तो म्हणाला,
‘आणि घोडा आम्ही फक्त टपालाच्या तिकिटावर पाहिला.’

गावाला सगळं ठाऊक होतं.
दोन हजार माणसांचं गाव, म्हणजे चार हजार कान.
तूरिड ऑगस्टमध्ये दक्षिणेला गेली.
भांडण नव्हतं, निदान रस्त्यापर्यंत येईल असं.
पडदे तिचे होते, तिनं नेले. दिवे तिचे. उशा तिच्या.
मागे राहिलं एक टेबल,
वर्तमानपत्रावर उघडून ठेवलेलं बोटीचं इंजिन,
आणि चित्रं होती तिथं
पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्याहून पांढरे चौकोन.

‘दर दुसऱ्या शुक्रवारी सिनव येते,’ तो म्हणाला.
‘मागच्या वेळी कोट घालूनच जेवली.’
थंडी होती?
‘नाही गं. हीटर चालू होता.’

मी कॅटलॉग मिटला. कॉफी ओतली.
म्हटलं, रंगाचं राहू दे,
तू लहानपणी कोट कुठं काढायचास ते सांग.

त्याला आठवायला वेळ लागला नाही.
बापाची बोटीची शेड.
पत्र्याची शेगडी, तिच्यावर कायम काहीतरी उतू जाणारं,
आणि बाप, हे एवढे पंजे,
गुडघ्यावर शीड पसरून शिवत बसलेला.
शिडं झाली की आमचे मोजे.
मोजे झाले की शेजाऱ्यांचे मोजे.
तोंडानं बोलायचा नाही फारसा,
सुई मात्र अखंड चालू.
लाकडाला डांबर फासलेलं. लोक म्हणतात काळं.
पण कंदील लावला की ते काळं नसायचं,
ते... त्याला शब्द मिळेना. मी म्हटलं, काकवी?
‘काकवी,’ तो म्हणाला. ‘तळाशी लागलेली.’

तीनदा मिसळला मी. काळ्यात गेरू,
गेरूत लाल, लालात परत काळ्याचा एक थेंब.
तिसऱ्या वेळी त्यानं पुठ्ठ्यावर बोट फिरवलं,
नाकाशी नेलं, हिरमुसला.
वास डब्यात मिळत नाही रे, मी म्हटलं,
आणि बोटींसाठीचं डांबर दिलं, छोटी बाटली,
चौकटीपुरती.
पैसे घ्यायला विसरले. विसरले म्हणजे, घेतले नाहीत.

रोलर तो काउंटरवरच सोडून गेला होता.
शुक्रवारी दुकान बंद करून द्यायला गेले.
दारातच तो वास, खोकला काढणारा.
टेबलावर इंजिन नव्हतं,
राखी घोंगडीचा ढीग होता,
आणि ओड्वार, तळहाताला बापाचं चामडं बांधून,
शिडाच्या सुईनं पडदा शिवत होता.
टाके असे, की वादळ अडलं असतं.
फेरीबोटीतून काढलेली एक खुर्ची, फाटलेली, खिडकीशी.
सिनव दोऱ्याला मेण लावत होती.
कोट अंगावरच होता.
वरची दोन बटणं उघडी.

भिंत खालून काकवीच्या रंगाची,
आणि साधारण माझ्या कपाळापासून वर
तशीच, पांढरी. कडा वेडीवाकडी,
कुठे चढलेली, कुठे ओघळलेली.
रंग कमी पडला का? मी विचारलं. अर्धा लिटर देऊ अजून?
ओड्वारनं मान वर केली नाही.
‘नको,’ मुलगी म्हणाली, दोरा दातानं तोडत,
‘स्टुलावरून माझा हात तेवढाच पोचतो.’