डावं-उजवं

कॅमेऱ्यातल्या मीटरला एकच रंग कळतो, राखाडी.
चुना दाखवा, कोळसा दाखवा,
दोघांनाही तो मधल्याच पायरीवर आणून बसवतो,
काटा शून्यावर आला की खूश.
बार्शीत त्याची सारखी समजूत घालावी लागे,
बाबा रे, गच्चीवर वाळतायत त्या कुरडया आहेत,
पांढऱ्याच आहेत, दीड स्टॉप वर घे.

इथे, ब्लाइनाइ फेस्टिनिओगमध्ये, तो पहिल्यांदा बरोबर निघाला.
पाटीच्या दगडाचे डोंगर, पाटीच्या दगडाची छपरं,
कुंपणंसुद्धा पाटीच्या फळ्यांची, तारेनं आवळलेली,
वर ओलं आभाळ.
थुंकी लावून मी जिच्यावरच्या बेरजा पुसल्या
ती पाटी इथली नसेल,
पण पावसात रस्त्याला वास तोच येतो.
महिनाभर भरपाईच्या बटणाला हात लावला नाही.

मिसेस ग्वेनो प्रिचर्ड मंगळवारी दुकानात येत
वॉरफरिन न्यायला. तपकिरी गोळी एकची, निळी तीनची.
रक्त फार दाट नको, फार पातळ नको,
पिवळ्या वहीत आकडा लिहिलेला.
एकदा वही काउंटरवर ठेवून म्हणाल्या,
"तू फोटो काढतोस ना? माझा एक काढ.
घाई नाही. फार उशीरही नको.
पुस्तिकेवर छापायचाय."
कुठली पुस्तिका, ते मला घरी जाऊन दिवा लावेपर्यंत कळलं नाही.

नोव्हेंबरातला रविवार. खिडकीशी खुर्ची त्यांनीच लावून ठेवलेली.
मागे मोएलविन, माथ्यावर पहिलं बर्फ.
पहिल्या फोटोत त्या काळ्याठिक्कर, बर्फ मळकं.
मग स्पॉटवर आणलं, गालावर ठिपका धरला,
एक साठांश, एफ चार,
आणि चेहरा आला.
वरच्या ओठावर भाजल्याचा डाग,
हनुवटीवर एक राहून गेलेला केस.
खिडकी मात्र जळून कोरी,
स्क्रीनवर नुसती लुकलुकत होती.

चष्मा लावून त्यांनी दोन्ही पाहिले.
"डोंगर कुठे गेला?"
म्हटलं, दोन्ही एकदम मावत नाहीत.
फ्लॅश मारता येईल.
"नको. फ्लॅशला मी डोळे मिटते. लग्नाच्या फोटोतही मिटलेत."
दोन-तीन फोटो एकात एक जोडता येतील, पण ते
"खोटं?"
खोटं नाही. गुळगुळीत.
मी त्यांना आलेख दाखवला,
डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड,
आणि आपला ढीग दोन्ही भिंतींना टेकलेला.
काहीतरी सोडावं लागेल, मिसेस प्रिचर्ड.
डावं-उजवं करावंच लागेल.

केटल उकळून आपोआप बंद झाली.
कुणी उठलं नाही.
"मग डोंगराचं माप घे.
माझं तोंड काय, सगळ्या गावानं पाहिलंय.
या खिडकीतून तो मी आणि इमरिसनंच पाहिला,
त्यातला इमरिस आता नाही."

ठिपका बर्फावर नेला.
मीटर म्हणाला, राखाडी.
मी म्हटलं, पांढरं, दीड वर.
कुरडयांची सवय कामाला आली.

फेब्रुवारीत चॅपलच्या दारात पुस्तिका हातात पडली.
वेल्शमध्ये नाव, दोन तारखा,
मागे डोंगर, बर्फाची सुरकुती न सुरकुती दिसणारा,
आणि पुढे काळी कड,
आंबाडा, पुढे झुकलेली मान,
कानामागे यंत्राचा बारीकसा उंचवटा.
शेजारी बसलेल्या पोस्टमन ह्यूनं त्या कडेवरून अंगठा फिरवला.
"हीच," म्हणाला, आणि नाक शिंकरलं.

चेहऱ्याचा फोटो अजून कार्डात आहे.
कुणी मागितला नाही, मी पुसला नाही.
कधी दुकान बंद केल्यावर मोठा करून बघतो.
मागे काहीच नाही, नुसता उजेड,
आणि हनुवटीवरचा तो केस.